उतारावरचा डावा हात

वाल्मिकतात्याला कुठं गंजलेलं यंत्र दिसलं की त्याचं पाऊल पुढं पडत नसे. बायकोनं कोथिंबीर आणायला कर्जतच्या बाजारात धाडावं, तर हा माणूस भंगारवाल्याकडून गिअरचा डबा खांद्यावर टाकून परत यायचा. कोथिंबीर राहिलीच. छायानं त्यावर बोलायचं कधीच सोडून दिलं होतं. दारू पीत नाही, पत्ते कुटत नाही, ओटीवर बसून लोकांच्या सुनांच्या चौकशा करत नाही; लोखंडाशी बोलतो तर बोलू दे, असं तिचं म्हणणं.

भिवपुरीच्या वीजघरात फिटर म्हणून त्याची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर कोंडाणे गावातल्या घरामागं त्यानं पत्र्याची शेड ठोकली आणि हा उद्योग मांडला. कर्जत-खालापुरात मुंबईकरांची फार्महाऊसं उगवली, तेव्हा त्यांच्या मागोमाग छोटे छोटे ट्रॅक्टरही आले होते. बागेपुरते, दांडे धरून मागून चालायचे. दोन मोसम हौस चालते. मग मालक येईनासा होतो, आणि ट्रॅक्टर आंब्याखाली पडून राहतो. तसले जुने ट्रॅक्टर तात्या शोधून आणायचा, खोलायचा, घासायचा, रंगवायचा आणि चालवायचा. चालवून झालं की कुणातरी गरजवंताला देऊन टाकायचा. पहिला एक निळा होता. मग एक हिरवा आला, तो मागल्या शिमग्याला खालापूरच्या एका नर्सरीवाल्यानं नेला. आणि आता हा तांबडा.

तांबडा जपानी, तात्याच्या पोरापेक्षाही वयानं मोठा. खालापूरच्या अंगाला एका बंद फार्महाऊसात फणसाखाली पडला होता. राखणदार जैतू म्हणाला, मालक न्या म्हणालाय, पण आत्ता नेता येणार नाय. का, तर इंजिनावर त्याची कोंबडी खुडूक बसली होती. तात्यानं पिल्लं निघेपर्यंत वाट पाहिली. दर आठवड्याला जाऊन कोंबडीची खुशाली विचारून यायचा. असा माणूस.

पावसाळाभर तो तांबड्यात डोकं घालून बसला. भात झोडून झालं, खाचरं मोकळी झाली, वाल पेरायच्या आधी जमीन उकरायची वेळ आली, तोवर तांबडा नव्या नवरीसारखा नटून उभा. तात्यानं खालच्या अंगाच्या नागूला शब्द दिला होता. नागू त्याचा चुलतभाऊ, बरोबरीचा. त्यानं बैल गेल्या वर्षी विकले होते. "तुझं खाचर यंदा मी करून देतो," तात्या म्हणाला होता, आणि नागूनं गावभर सांगितलं होतं.

आता या यंत्राला गोल स्टेअरिंग नसतं. दोन लांब दांडे, आणि दोन्ही मुठींखाली एकेक खटका. डावा खटका दाबला की डाव्या चाकाचा जोर सुटतो, उजवं ढकलत राहतं आणि यंत्र डावीकडं वळतं. उजव्याचं तसंच. शेंबड्या पोरालाही कळावं असं. अंगणात तात्यानं तांबडा फिरवून पाहिला. तुळशीला वळसा घातला, पायरीपाशी वळवला, पुन्हा तुळशीला वळसा. लोण्यासारखा चालला. मग तो त्याला घेऊन खाचराकडं निघाला. घरापासून खाचरापर्यंत चांगलीच उतरण आहे, आणि मधे डावीकडं एक वळण. वळणावर तात्यानं डावा खटका दाबला आणि तांबडा गेला उजवीकडं. तात्यानं आणखी जोरात दाबला. तांबडा आणखी उजवीकडं गेला आणि नागूच्या पेंढ्याच्या उडवीत नाक खुपसून बंद पडला.

नागू धावत आला. कुणाला लागलं नाही हे पाहिलं, आणि मग त्याला हसू आवरेना.

"वाल्मिक्या, वळण डावीकडं हाय रं."

"डावाच दाबला मी."

"मंग हे काय उडवीला पाया पडाया आलं?"

"डावाच दाबला, नागू."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. नाचता येईना अंगण वाकडं." पेंढा झटकत नागू म्हणाला, आणि जाता जाता सहज बोलून गेला, "साठी बुद्धी नाठी, दुसरं काय."

नागूच्या मनात काही नव्हतं. तो सगळ्यांनाच असं बोलतो. पण तात्याच्या काळजात ते रुतलं. त्याच्या वडलांचं शेवटी असंच झालं होतं. आधी त्यांच्या चपला उलट्या पायांत गेल्या. मग कुठल्या हातानं जेवायचं तेच त्यांना कळेना; ताटासमोर बसून दोन्ही हातांकडं बघत राहायचे, आणि आई त्यांचा उजवा हात धरून भातात ठेवायची. तात्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मरणाला तो भीत नव्हता. त्या ताटाला भीत होता.

आणि अलीकडं त्याचं स्वतःचंही काही बरं चाललं नव्हतं. पान्हा तांदळाच्या डब्यात सापडला होता. मुलगा योगेंद्र खोपोलीहून फोन करायचा, तर बोलता बोलता तात्या त्याला नागू म्हणायचा. अशा गोष्टी कुणाच्याही होतात, असं तो स्वतःला सांगायचा. पण डावं-उजवं म्हणजे काही पान्हा नव्हे.

तेव्हा दोष यंत्रात सापडायलाच हवा होता. तात्यानं तांबडा खोलला. गिअर पाहिले, खटके पाहिले, चाकांना अडकवून धरणारे दात, म्हणजे कुत्रे, पाहिले, सगळं जिथल्या तिथं. पुन्हा जोडला, अंगणात फिरवला. लोण्यासारखा. उतरणीवर नेला. डावा दाबला, उजवीकडं. पुन्हा वर आणला, पुन्हा खोलला. छाया ओट्यावरून बघत होती.

"अवो, वर चढताना करतंय का असं?" तिनं विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं," तात्या खेकसला. हिरव्यानं कधी असा त्रास दिला नव्हता, हे मात्र त्याला पक्कं आठवत होतं. छाया आत गेली.

शेवटी त्यानं ठरवलं, दोन्ही खटक्यांच्या केबली उलट लागल्या असतील. नसणार, हे त्याला दिसत होतं. पण दिसतंय त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, हाच तर प्रश्न होता. त्यानं डावी केबल उजव्याला आणि उजवी डाव्याला लावली. उतरणीवर नेलं. डावा दाबला आणि तांबडा डावीकडं वळला, शहाण्या बैलासारखा. तात्याचा जीव भांड्यात पडला. तडक नागूच्या खाचरात गेला, फण लावले, मातीत पहिलं तास सरळ ओढलं. बांधापाशी आल्यावर डावा दाबला.

तांबडा उजवीकडं वळला, बांध चढला आणि नागूची बायको धोंडूबाई हिच्या मिरच्यांवरून पलीकडं गेला.

धोंडूबाई शिव्या देईल म्हणून तात्या उभा राहिला. तिनं शिव्या दिल्या नाहीत. मोडलेल्या मिरच्या टोपलीत गोळा केल्या आणि छायाकडं पोचत्या केल्या. त्या आठवड्यात तात्याच्या घरी सगळ्या भाज्या तिखट झाल्या आणि तात्या मुकाट्यानं जेवला.

पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अंगणात बरोबर, उतरणीवर चूक. केबली बदलल्या तर उतरणीवर बरोबर, खाचरात चूक. लोखंड असं वागत नाही. आयुष्यभर त्याचा लोखंडाशी संबंध. लोखंड मोडतं, झिजतं, अडकतं, पण जागा बघून रंग बदलत नाही. मग रंग कोण बदलतंय? आपणच मधेच डाव्याला उजवा म्हणतोय का? आणि म्हणत असलो तर आपल्याला ते कळणार कसं? वडलांना कळलं होतं का?

एकदा छाया पाणी घेऊन शेडीत आली, तर हा दोन्ही हात समोर धरून उभा. घड्याळाचा तो डावा, असं पुटपुटत होता. मग त्याला शंका आली की आज घड्याळ चुकून उजव्या हातात तर बांधलं नाही?

"छाया, हा कंचा हात गं?"

"डावा."

"नक्की?"

"अवो, डावाच हाय. पानी घ्या."

तो पाणी प्यायला. तांब्या परत देताना म्हणाला, "माझं बाबांसारखं व्हाया लागलंय का? खरं सांग."

छायानं तांब्या पदरानं पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. "काय तरीच," म्हणाली, आणि गेली.

तात्यानं केबली पुन्हा होत्या तशा लावल्या आणि नागूला हाक मारली. लाज गुंडाळून ठेवूनच मारली.

"माझ्यावर एक उपकार कर. तू हाकून बघ. उतरणीवर."

"आणि उडवी?"

"उडवी गेली चुलीत. तू डावा दाबायचा, एवढंच."

नागूला आयुष्यात डाव्या-उजव्याचा घोटाळा कधी झाला नव्हता. त्यानं मुठी धरल्या, बैल हाकताना करतात तसं जिभेनं टाळ्यावर टक् वाजवलं आणि उतरणीला लागला. वळणावर डावा दाबला. तांबडा उजवीकडं निघाला. नागू थांबव थांबव म्हणून ओरडला, तात्यानं धावत जाऊन इंजिन बंद केलं, आणि तो तिथंच धुरळ्यात बसला. बसून हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"वेडा झालास का रं?" नागू म्हणाला.

"नाय झालो. तेच तर."

नागूला काही उमजेना. तो आपल्याच रागात होता. "बैल असं कधी करत नसत. बरं, करत, पन उतारावरच. घाटात गाडी उतरताना दोघंबी मागं रेटून धरायचे. डाव्यानं अंग सोडलं, का तो म्होरं सुटायचा आनि गाडी जायची उजवीकडं. पन तो बैल हाय. त्याला जीव हाय."

तात्यानं हसायचं थांबवलं. पुन्हा सांग म्हणाला. नागूनं पुन्हा सांगितलं. आणि तात्याच्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं. सपाटीला इंजिन चाकांना ढकलतं, म्हणून सुटलेलं चाक मागं राहतं. उतारावर इंजिन चाकांना रेटून धरतं, म्हणून सुटलेलं चाक पुढं पळतं. यंत्र शहाणं, केबली शहाण्या, हात शहाणे. त्यानं नागूला मिठी मारली. ग्रीसचे हात नागूच्या पांढऱ्या सदऱ्यावर उठले.

मग तो घराकडं निघाला, आणि या वयात शोभत नाही इतक्या वेगानं निघाला. छाया ओट्यावर सूप घेऊन बियाण्याचे वाल निवडत होती.

"छाया, सापडलं गं. ना माझा दोष, ना त्याचा. उताराचा हाय सगळा खेळ. सपाटीला इंजिन ढकलतं, आनि उतारावर धरून ठेवतं. डावा दाबला का डावं चाक सुटतं. सुटलेलं चाक काय करंल? सांग बरं."

"म्होरं पळंल," छाया म्हणाली. "घाटात डावा बैल सुटला का गाडी उजवीकडं जाती, तसं."

"बरोब्बर," तात्या म्हणाला, आणि पुढं बोलायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

"बैलांचं मी अजून सांगितलंच नाय तुला," तो म्हणाला.

छायाचे हात सुपात थांबले. ती त्याच्याकडं बघेना.

"छाया."

"मागल्या वर्सी सांगितलंवतं," ती म्हणाली. "हिरव्याच्या वेळंला. नागूभाऊजी तवा लेकीकडं गेलंवतं. तुमी असंच धावत आलावता. हेच बोललावता, चाकांचं आनि बैलांचं. तुमचं तुमीच शोधून काढलंवतं."

तात्या खाली बसला. मागलं वर्ष त्यानं आठवून पाहिलं. हिरवा आठवला, त्याचा रंग आठवला, नर्सरीवाल्याचा टेंपो आठवला. उतरण आठवेना. तिथं काहीच नव्हतं, पुसट खूणसुद्धा नाही. आठवडाभर तो डाव्या-उजव्याला जपत बसला होता, आणि ते शाबूत होतं. गेलं होतं ते दुसरंच, आणि जाताना त्यानं आवाजसुद्धा केला नव्हता. बाजाराच्या गर्दीत बोट सुटलेल्या पोराला वाटते तशी भीती त्याला वाटली.

"मंग इतके दिस बोलली का नाय?"

"वाटलं, आपसूक आठवंल." छायाचा आवाज बारीक झाला. "विचारलंवतं की मी. वर चढताना करतंय का म्हनून. वाटलं तेवढ्यानं आठवंल. तुमी खेकसलात, मंग माझाच धीर झाला नाय."

खालून नागूच्या हाका येत होत्या. खाचर आज व्हायचं आहे की नाही, असं तो विचारत होता. मग तात्यानं छायाच्या सुपात हात घातला आणि दोन किडके वाल उचलून बाजूला टाकले.

"पुढल्या वर्सी लगेच सांग," तो म्हणाला. "मी खेकसलो तरी."

"सांगंन."

"योगेंद्रला एवढ्यात नको सांगू."

"बरं."

तो उठला. छायानंही सूप खाली ठेवलं, पायांत चपला सरकवल्या आणि त्याच्याबरोबर उतरणीपर्यंत आली. नागूनं तांबडा पुन्हा वर आणून उभा केला होता. तात्यानं इंजिन चालू केलं, मुठी धरल्या आणि निघाला. छाया बाजूनं चालत होती. वळण जवळ आलं. कुठला खटका दाबायचा ते त्याला ठाऊक होतं, चांगलं ठाऊक होतं. तरी त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"कंचा गं?"

"उजवा," छाया म्हणाली, आणि त्यानं उजवा दाबला.