ऑटोवर ठेवलेली मोटर

आमचं केळीचं शेत आणि शाळेची भिंत यांच्यामध्ये फक्त एक पायवाट आहे. त्यामुळे शाळेतल्या कार्यक्रमात पहिली खुर्ची आपली, असं मी स्वतःच ठरवून टाकलं आहे. अवकाश स्थानकातल्या अंतराळवीरांशी मुलं रेडिओवरून बोलणार हे कळलं, तेव्हा मी गावभर असा मिरवलो की जणू ते स्थानक माझ्या बांधावरूनच जाणार होतं.

हॅम रेडिओवाली, म्हणजे हौसेने रेडिओ चालवणारी दोन माणसं आधीच येऊन गच्चीवर अँटेना बसवून गेली. चाचणी घेताना त्यांच्या सेटमध्ये खरखर यायला लागली, आणि ती शोधत ते थेट माझ्या विहिरीवर पोचले. माझ्या जुन्या स्टार्टरमध्ये ठिणग्या उडत होत्या. मोटर चालू केली की खरखर, बंद केली की आवाज स्वच्छ. त्यांनी हात जोडले. स्थानक वरून जातं ती दहाच मिनिटं, तेवढ्यात मोटर बंद ठेवा म्हणाले.

"दहा मिनिटांचं काय घेऊन बसलात? दिवसभर बंद ठेवतो," मी म्हणालो. बोलायला माझं काय जात होतं!

आमच्याकडे स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते, शेतात धावायला नको. त्या सकाळी सालदाराने विचारलं, "ऑटो काढी टाकू का, भाऊ?"

हा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, सातपुड्यातल्या मोलगीकडचा. बायको आणि मुलीसह माझ्या शेतातच राहतो. त्याची सहावीतली मुलगी प्रश्न विचारणाऱ्यांत होती. त्यालाही शाळेत यायचं होतं, पण उन्हाने केळी माना टाकत होती. पाणी आलं की वळवायला कोणीतरी हवं, म्हणून मी त्याला शेतातच ठेवलं.

"ऱ्हाऊ दे. लाईट बारा वाजता येई. तोवर बठ्ठा कार्यक्रम व्हई जाई. तू हात नको लावू," मी म्हणालो आणि इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत जाऊन बसलो.

आधीच्या मुलांना उत्तरं खणखणीत मिळाली. मग सालदाराची मुलगी उभी राहिली. तिथे तुम्हाला कशाचा वास येतो, हा प्रश्न तिने स्वतः काढला होता. कोणी शिकवला नव्हता. पाठ केलेल्या इंग्रजीत विचारला, ओव्हर म्हणाली, उत्तर ऐकायला बटण सोडलं. वरून कोणीतरी हसलं, उत्तर सुरू झालं आणि लगेच सगळं खरखरीत बुडालं.

भिंतीपलीकडून माझ्या मोटरचा आवाज मला ऐकू आला. लाईट आज लवकर आली होती. विहीर एका हाकेवर होती. पण उठलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं. मी खुर्चीतच बसून राहिलो. रेडिओवाल्याने वळून माझ्याकडे पाहिलं की भिंतीकडे, कोण जाणे. चोराच्या मनात चांदणं. स्थानक निघून गेलं. मुलगी तशीच स्पीकरकडे बघत उभी होती. गुरुजी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बटण सोडायला उशीर झाला असेल बाळा." तिने मान हलवली. मीही हलवली.

संध्याकाळी सालदार विहिरीवर आला. मुलगी जेवली नाही म्हणाला. जरा वेळ तो पायाने माती सारखी करत राहिला.

"भाऊ, ती इचारी ऱ्हायनी, मोटर चालू व्हती का? मी बंद करणार व्हतो, पन तुमी सांगेल व्हतं, हात नको लावू." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी तिले सांगी दिधं, मोटर बंदच व्हती. तूच बटन उशिरा सोडं."

माझी अब्रू वाचवल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्याआधी हायसं वाटलं.

"तू बरं करं," मी म्हणालो.