उतरलेलं सामान दुकानाचं

अन्याय झाला माझ्या धाकट्या बहिणीवर. केव्हा, तर दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी पावणेसातला, रेल्वेच्या पुलाच्या चढावर. सिंदी मेघेहून ती दवाखान्यात निघाली होती, नर्सिंगच्या ड्युटीला. चढाला उभं राहून तिनं पायडल दाबलं, चेन दातांवरून सटकली, पाय रिकामा गेला आणि ती गुडघ्यावर डांबरात आपटली. मागून ऑटो येत होता. त्या ऑटोवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून मी आज नुसता चिडून लिहितो आहे.

चेन कोरी होती. दोनच दिवसांपूर्वी बसवलेली.

सायकल हायब्रिड, गियरची. पावसाळ्याच्या तोंडावर होस्टेल सोडून जाणाऱ्या एका मुलाकडून जुनीच घेतलेली. नवीन घेणं आवाक्यात नव्हतं आणि तशी गरजही नव्हती, सांगाडा धडधाकट होता. बहिणीनं पंधरा दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून काय बदलायचं ते ठरवलं. सीट फाटकी राहू दे, रंग उडालेला राहू दे. पण ब्रेकची रबरं, गियरच्या तारा, चेन आणि मागच्या चाकावरची दातेरी चकत्यांची फ्रीव्हील, एवढं नवं हवं. चेन आणि फ्रीव्हील तर एकत्रच. झिजलेल्या दातांवर नवी चेन टिकत नाही, जोर दिला की उडते. सगळं सामान आम्हीच मागवलं. बसवायला मी सायकलसकट वर्ध्याच्या एका दुकानात टाकलं.

आणायला निघालो तेव्हा ती म्हणाली, "दादा, उतरलेलं सामान मागून आणजो."

"भंगार कायले पाहिजे तुले?"

"आणजो म्हटलं ना!"

नाही आणलं. आमच्याकडे रीतच आहे, उतरलेलं सामान दुकानाचं. गिऱ्हाईक मागत नाही, मागितलं तर हलकट ठरतं. मी विचारायला तोंड उघडलं होतं, "काका, ते जुनं..." दुकानदारानं सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला, पायाशी ठेवलेल्या डबड्यात थुंकला. "काय भाऊ, भंगारचा धंदा चालू केला का?" बाकावर बसलेले दोघं खिदळले. आणि मी, चौकाचौकात पत्रकं वाटणारा, 'हक्क मागायला लाजू नका' ही ओळ स्वतः लिहून छापून घेतलेला मी, लाजलो. त्यांच्यासोबत हसलोसुद्धा. त्या लाल थुंकीनं भरलेल्या डबड्यापेक्षा मला माझ्या त्या हसण्याची किळस येते.

पडल्यावर ती लंगडत ड्युटीवर गेली. उशीर झाला म्हणून चारचौघींत बोलणी खाल्ली. घरी आल्यावर तिनं अंगणात सायकल उलटी केली, मागच्या चकत्या चिंधीनं पुसल्या आणि एकेका दातावरून बोट फिरवत गेली. तिसऱ्या चकतीवर थांबली. तिथं एक दात अर्धा तुटलेला. तो तिच्या ओळखीचा होता, पावसाळ्यापासूनचा. फ्रीव्हील बदललीच नव्हती! डिझेलनं धुऊन चकचकीत केली होती, माझ्यासारख्या बावळटाला नवी वाटावी इतकी.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः दुकानात गेली. मी मागे.

"ताई, नवीन चेन हाये, बसायले चार दिवस लागतेच," दुकानदार म्हणाला.

"काका, इथं बोट ठेवा. नवीन फ्रीव्हील तुटका दात घेऊन आली का?"

त्यानं बोट ठेवलं नाही. "घाईत राह्यलं असन."

"मंग आमची नवी कुठं हाये?"

फळीवर आमच्या नव्या फ्रीव्हीलचा डबा होता. रिकामा. कोणाच्या चाकावर गेली, ते त्यानं सांगितलं नाही. खणातून दुसरी काढली. माफीचा शब्द नाही. उलट बाकावरून एकजण म्हणाला, "जाऊ द्या ना ताई, देऊन राह्यले ना ते."

"मंग हे जुनी तुमच्या पोरीच्या सायकलले लावा," बहीण म्हणाली.

काम संपल्यावर तिनं हात पुढे केला. "उतरलेलं द्या." ती काळी, तेलकट वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून ती घरी घेऊन आली.

त्या रीतीचा उपयोग मला तेव्हा कळला. जुनं कोणी मागतच नाही, म्हणून ते उतरलं की नाही हेही कोणाला कळत नाही. आमच्या लाजेवर त्याचं दुकान चालतं.

आता गियर नीट पडतात, ब्रेक लागतात. पण पुलाचा चढ आला की बहीण उतरते आणि सायकल हातात धरून चालते. त्यासाठी घरून लवकर निघते. सीटवर बसूनच चढ म्हटलं तर म्हणते, "तू चढ."

म्हणून तुम्हाला सांगतो. सायकल असो, मिक्सर असो की शेतातली मोटर, उतरलेला भाग आधी हातात घ्या, नीट बघा, मगच दुकानाची पायरी उतरा. बाकावरचे हसतील, हसू द्या. आणि बाकावर तुम्हीच बसलेले असाल, तर हसू नका.