नाव नसलेलं पाणी

आमच्या लॅबमधल्या किश्श्यांचं तिथल्या जंतूंसारखंच आहे. संध्याकाळी बशीत एखादा ठिपका असतो, सकाळी बघावं तर बशी भरलेली! मी घरी एक सांगायला बसते, तोवर दुसरा आठवतो, तिसरा आठवतो, आणि नवरा घोरायला लागतो. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावेत.

आधीच सांगते, मी काही शिकलेली-बिकलेली नाही. मनमाडला सातवीपर्यंत शाळा, मग लग्न होऊन इकडे नाशिकजवळ एकलहऱ्याला आले. नाशिकच्या एका कॉलेजात एक मॅडम आहेत, नदी-तलावांच्या पाण्यात कुठले जंतू राहतात त्याचा अभ्यास करतात. त्यांच्या लॅबमध्ये मी बाटल्या धुते.

नोकरी धरली ती खरं तर आरोहीसाठी. आरोही माझी मुलगी, अडीच वर्षांची. महिन्यातून दोनदा तरी तिचं पोट बिघडतं. डॉक्टर दर वेळी एकच सांगतात, "पाणी उकळून द्या." अहो, मी उकळतेच आहे! मग विचार केला, जंतूंच्याच घरी कामाला जावं, हे येतात कुठून ते तरी कळेल.

आठ महिने झाले. कळलं थोडं, गोंधळ जास्त झाला.

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मॅडम, जंतू मारायचं औषध कुठे ठेवलंय?"

मॅडम दचकल्याच. "मारायचं? अगं सविता, आपण वाढवतो त्यांना!"

त्यांनी एक कपाट उघडून दाखवलं. कपाट कसलं, पाळणाघरच! आत सदतीस डिग्री, ना कमी ना जास्त. ओळीने बशा, बशांत चायना ग्राससारखी जेली, आणि जेलीत मटणाच्या सुपासारखा वास येणारी कसली तरी पावडर. हे सगळं त्यांचं जेवण. आणि माझी पोरगी वरणभाताच्या दोन घासांसाठी मला घरभर पळवते!

त्या शनिवारी लाइट गेली. प्राजक्ता म्हणून मॅडमकडे पीएचडी करणारी मुलगी आहे, ती कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "सविताताई, दार उघडू नका हं, गार होतील!"

मी तोंडात पदर कोंबला. हसायचं की गोधडी आणून द्यायची, तेच कळेना.

*

बशीतले जंतू मोजून झाले की मग मात्र मारतात. त्यासाठी माझ्या छातीएवढा उंच कुकर आहे. पहिल्यांदा मला त्याच्याजवळ बसवलं, तेव्हा मी स्टुलावर बसून शिट्ट्या मोजायला लागले. अर्धा तास झाला तरी एक नाही. धावत गेले, "मॅडम, शिट्टी अडकली, फुटतोय आता!"

"त्याला शिट्टी नसतेच गं. काटा बघायचा आणि घड्याळ लावायचं."

आता घरी उलटं झालंय. कुकर लावला की मी घड्याळाकडे बघत बसते आणि शिट्ट्या मोजायच्या राहतात. परवा डाळ पार करपली. सासूबाई कुकरात डोकावून म्हणाल्या, "जंतू मेले असतील सगळे. आता जेवायचं काय ते सांग."

*

बाटल्यांवर मार्करने काहीतरी खरडलेलं असायचं. मला वाटायचं मळ. एकदा आठ भरलेल्या बाटल्या टेबलावर होत्या, मी स्पिरिट लावून लखलखीत पुसून ठेवल्या.

मॅडम आल्या, बघत राहिल्या. "सविता, हे आठ ठिकाणचं पाणी होतं."

"आठच आहेत मॅडम, मोजून बघा."

"पण कुठली कुठली?"

मी वाकून बघितलं. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मॅडम रागावल्या नाहीत, पण आठही बाटल्या माझ्या हाताने कुकरात घालायला लावल्या आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: "नाव नसलेलं पाणी कुणाचंच नाही!" तेव्हापासून नावाशिवाय बाटली नाही, बशी नाही. हा नियम मॅडमना सुद्धा.

*

हा किस्सा सांगायला अजून लाज वाटते. नदीचं पाणी भरायच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा आधी कुकरातून काढून कागदात गुंडाळून ठेवतात. मला आत दोन थेंब दिसले. आईचं मन, दुसरं काय! म्हटलं एवढ्या लांब नदीवर नेणार, स्वच्छ असलेल्या बऱ्या. सगळ्या उघडून ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने विसळल्या आणि परत गुंडाळल्या.

दोन दिवसांनी मॅडम नदीच्या पाण्याच्या बशा हातात घेऊन उभ्या. एकीवरही ठिपका नाही. प्राजक्ता म्हणाली, "मॅडम, नदी स्वच्छ झाली!" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी पेढे आणायला पाकीट काढलं.

मॅडमनी एक रिकामी बाटली उचलली, झाकण काढून हुंगली. "हिला स्विमिंग टँकचा वास का येतोय?"

मी पाकीट परत ठेवलं.

*

एकदा मदतीला मला पंचवटीत नदीवर नेलं. मॅडम दोरीला बाटली बांधून पाण्यात सोडत होत्या. शेजारी फुलं आणि द्रोणातले दिवे विकणारी एक आजी बसली होती. तिने विचारलं, "काय गं बाई, पाणी चांगलं हाय का वाईट?"

मॅडम म्हणाल्या, "आजी, मी तसं नाही बघत. पाण्यात कोण कोण राहतं, किती जण राहतात, कुणाचं कुणाशी पटतं, ते लिहून घेते."

आजी खूश झाली. "म्हंजी जनगणनावाली व्हय! मग आमच्या गल्लीत कधी येतीस? लय जण राहत्यात, कुणाचं कुणाशी पटत नाय!"

मॅडमनी मान हलवली आणि नदीचे दोन थेंब स्वतःच्या डोळ्यांना लावले. आत कोण कोण राहतं ते माहीत असूनसुद्धा!

*

एका जातीच्या बशा काळपट जांभळ्या असतात. एकदा त्यांतल्या एकीवर हिरवे ठिपके आले, सोन्यासारखे चमकणारे, मोरपिसावर ऊन पडावं तसे. मी म्हटलं, "मॅडम, हे चांगलेवाले ना?"

"शेणातून नाही तर संडासातून आलेत. हे पाण्यात दिसले की ते पाणी प्यायचं नाही."

सगळ्यात सुंदर तेच सगळ्यात वाईट!

*

आणि मग आरोही परत आजारी पडली. या वेळी सलाइन लावायला लागलं. एवढासा हात, त्यात सुई. मी खाटेजवळ बसले होते, तर सासूबाई म्हणाल्या, "जगाच्या बाटल्या धुतेस, घरची पोर अशी." त्या चिडून नाही बोलल्या, म्हणूनच जास्त लागलं.

मनमाडला आमच्याकडे पंधरा-पंधरा दिवसांनी नळ यायचा. टाकीत साठवून ठेवलेलं, तळाशी गाळ बसलेलं पाणी पिऊन आम्ही पाच भावंडं वाढलो. आणि इथे मी वीस मिनिटं उकळते, घड्याळ लावून! मग माझंच कुठे चुकतंय?

ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चार बाटल्या भरल्या आणि गुपचूप लॅबमध्ये नेल्या. नावं मात्र नीट टाकली. "नळ". "माठ". "उकळलेलं". आणि आरोही ज्या सशाच्या आकाराच्या बाटलीतून नळीने पाणी पिते, तिच्यातलं उरलेलं, "आरोही".

प्राजक्ताने नावं वाचली. पाणी त्या जांभळ्या बशांत घालून कपाटात ठेवलं. त्या रात्री मला झोप नाही.

सकाळी मॅडमनी स्वतः बशा काढल्या. नळ, काही नाही. माठ, दोन-चार साधे ठिपके. उकळलेलं, कोरं. आरोहीची बशी मात्र मोरपीस!

मॅडमनी सशाची बाटली मागितली. ती मी रोज घासते हो, आतून, बाहेरून, सशाचे कानसुद्धा! मॅडमनी तिची नळी ब्लेडने उभी चिरली. आत पातळ बुळबुळीत थर, भाताच्या पेजेसारखा.

"अगं, काय सुंदर थर आहे!" मॅडमचे डोळे चमकले. "नदीतल्या दगडावर असतो ना, तस्साच. घर करून राहिलेत बघ! वरून कितीही पाणी जाऊ दे, हे हलत नाहीत!"

मी रडायला लागले. हजार बाटल्या धुतल्या मी इथे, आणि त्या बोटभर नळीत एकदा डोकावले नाही. कसली आई मी?

मॅडमनी नळी खाली ठेवली. मला स्टुलावर बसवलं. "सविता, नळीत कोणी बघत नाही गं. कोणीच नाही. उद्यापासून स्टीलचा पेला दे तिला, बस." एवढं बोलून त्यांचाच घसा सुकला असावा. त्यांनी टेबलावरची आपली बाटली उचलली आणि पाणी प्यायला लागल्या.

मी डोळे पुसले. बघितलं. निळी बाटली. मी कामाला लागले त्याच्या आधीपासूनची. वर वाकडी नळी, टोक चावून चावून पांढरं झालेलं.

"मॅडम," मी म्हटलं, "ही नळी कधी धुतली होती?"

मॅडम प्यायच्या थांबल्या. घोट गालातच. बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग हळूच बेसिनकडे गेल्या आणि परत आल्या.

"प्राजक्ता, एक बशी घे."

प्राजक्ताने बशी घेतली, मार्करचं टोपण काढलं. "नाव काय टाकू, मॅडम?"

मॅडमनी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं.

"नाव नको टाकू."