दुर्बिणीचा हात चुकला

त्या दिवशी माझ्या नणंदेनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली आणि रक्त आलंच नाही. इतकी वर्षं ती माझं रक्त घेतेय, डोळे मिटूनसुद्धा तिला माझी शीर सापडली असती. तिनं सुई काढली, कापूस दाबला आणि म्हणाली, "दुसरा हात दे." मी तिच्या बोटांकडे बघत होते. बोटं थरथरत होती. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, थरथरणारी बोटं रोज बघते, आणि माणूस घाबरल्याशिवाय ती थरथरत नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे.

घरात तिला सगळे दुर्बीण म्हणतात. नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. लहानपणी ती समोरच्या माणसाकडे अशी टक लावून बघायची, की आपल्या तोंडाला काही लागलंय की काय असं त्याला वाटायचं. मी तोंडावर तिला ताई म्हणते, मनात मात्र दुर्बीणच.

रक्ताच्या कर्करोगाकडे ती काही मोठं ध्येय घेऊन वळली नव्हती. केमिस्ट्रीची पदवी हातात आली तेव्हा एकाच प्रयोगशाळेत एक टेबल रिकामं होतं, तिथे ती जाऊन बसली. पहिल्याच दिवशी कोणीतरी मायक्रोस्कोपखाली एका पेशंटच्या रक्ताची काच ठेवली. दुर्बीण जी त्यावर वाकली ती डबा खायचं विसरली. संध्याकाळी घरी येऊन तिनं सगळ्यांना पकडून पकडून सांगितलं, की या आजारात पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात. वाढतात, गर्दी करतात, पण पिकत नाहीत. शाळेत पहिलीचा वर्ग भरून वाहतोय आणि दुसरीत कोणी जातच नाही, तसं. या कच्च्या पेशींना पिकवणारं औषध शोधायचं, एवढं एकच खूळ तिच्या डोक्यात शिरलं आणि पुढे पंचवीस वर्षं निघालं नाही.

एक स्थळ आलं होतं. मुलगा समोर बसलेला असताना हिनं त्याच्या डोळ्यांची खालची पापणी बघितली आणि म्हणाली, "तुमच्या अंगात लोह कमी आहे, तपासून घ्या." त्यानं तपासलं, खरंच कमी निघालं. त्यानं लग्न दुसरीशी केलं, पण अजून भेटला की हिचे आभार मानतो. प्रयोगशाळेतल्या पुरुषमंडळींनी सुरुवातीला मीटिंगच्या वेळी चहाचं काम हिच्याकडे सरकवलं. ही म्हणाली, "करते की. आत्ताच जंतूंच्या बशा धुतल्यात, हात तसेच आहेत." परत कोणी विचारलं नाही. एका वरिष्ठांनी तिच्या कामावर स्वतःचं नाव पुढे लावलं. उबवणीचं कपाट एकदा बिघडलं आणि वर्षभर वाढवलेल्या पेशी मेल्या. त्या दोन्ही वेळी ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली आणि सकाळी परत कामावर गेली. एवढं सोसून एकदाचं ते औषध हाताशी आलं. बशीत तरी कच्च्या पेशी पिकताना दिसू लागल्या.

तुलनेला निरोगी माणसांचं रक्त लागतं. बाहेरची माणसं सुई बघून पळतात, म्हणून प्रयोगशाळेतले लोक स्वतःचं देतात आणि घरच्यांना कामाला लावतात. दुसऱ्यांच्या नणंदा माहेरी येताना खाऊ आणतात, आमची कामावरून येताना सुई आणायची. मी, माझा नवरा, प्रयोगशाळेचा वॉचमन, वरच्या कर्करोगाच्या वॉर्डातल्या सिस्टर आणि दुर्बीण स्वतः, असे आम्ही पाच जण ठरलेले निरोगी. सुई ती टोचायची, पण नळीवर नंबर दुसऱ्या विभागातली बाई घालायची. कोणतं रक्त कोणाचं हे बघणाऱ्याला कळू नये, म्हणजे निकालात मन आड येत नाही. दर खेपेला पाचांपैकी एकाचीच नळी वापरली जायची.

तर त्या दिवशी दुसऱ्या हातातून एकदाचं रक्त आलं. नवऱ्याचं तिनं आधीच घेतलं होतं आणि तो बिचारा दुकानात निघूनही गेला होता. त्याला सांगितलं होतं, की मागच्या नळ्या फुटल्या.

"ताई, नळ्या फुटल्या नाहीत," मी म्हणाले.

"फुटल्या म्हटलं ना."

"मला बनवू नका. तुमचा हात चुकला. आजपर्यंत चुकला नव्हता."

ती खुर्चीत बसली. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. शेवटच्या खेपेला जी निरोगी नळी होती, तिच्यात कच्च्या पेशी निघाल्या होत्या. थोड्या, पण निघाल्या होत्या.

"म्हणजे?"

"म्हणजे दोनातलं एक. एक तर माझ्या हातून नळ्यांची अदलाबदल झाली. नाहीतर आपल्या पाच जणांत कोणीतरी आजारी आहे आणि त्याला ते माहीत नाही."

मी विचारलं, "कोण?" मग स्वतःलाच हसू आलं, कारण ते कळू नये म्हणूनच तर तो सगळा खटाटोप होता. त्या नंबरामागचं नाव उघडायला अर्ज लागतो, त्यावर विभागप्रमुखांची सही लागते. त्यांना सगळे सर म्हणतात. सर सही द्यायला तयार नव्हते. म्हणून ती सरळ सगळ्यांचं रक्त नव्यानं घेत सुटली होती.

"माझीच चूक निघू दे," दुर्बीण म्हणाली. देवाचं नाव न घेणारी बाई ती, पण हे तिनं हात जोडून म्हटलं. "चूक असली तर काम गेलं. पण माझीच निघू दे."

"काम गेलं तर गेलं!" मी म्हणाले. "परत करा. माणूस गेलं तर काय करणार?"

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तेव्हा मला वाटलं, घाबरली आहे म्हणून गप्प आहे.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. साध्या काचेवर पाचही जणांचं रक्त चांगलं दिसत होतं, पण ताई म्हणाली, सुरुवातीला साध्या काचेवर कळत नाही. पेशींना रंग लावून एकेक मोजणारं मशीन शेजारच्या इमारतीत होतं आणि तिथे रांग होती. तोवर मी नवऱ्याच्या मागे हात धुऊन लागले. त्याच्या पाठीवर एक निळा डाग दिसला तर माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, "अगं, कपाटाचा कोपरा लागला." मी त्याला दात घासून थुंकायला लावायचे आणि बेसिनमध्ये वाकून लाल दिसतंय का बघायचे. तो म्हणाला, "दुर्बिणीचं वारं लागलं का तुला?" त्याला काही सांगितलं नव्हतं. त्याचा जीव घाबरा आहे, तो त्याच दिवशी मृत्युपत्र करायला बसला असता. माझ्या दंडावर सुईच्या जागी काळंनिळं झालं होतं, ते मी लांब बाह्यांखाली झाकलं. शिकाऊ लोकांच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. त्या आठवड्यात मी तो कारण नसताना इतक्यांदा दाबला, की एक आजोबा म्हणाले, "बाई, तुम्हीच माझ्या जागी बसा."

तिकडे ताईचं वेगळंच चाललं होतं. औषध पहिल्यांदा माणसांना द्यायची परवानगी मागण्यासाठी समितीपुढे उभं राहायचं होतं, तारीख डोक्यावर आली होती. मी तिला घ्यायला गेले तेव्हा दार उघडं होतं आणि सरांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"बाई, एक निरोगी नळी नासली तर काय करतात? फेकतात आणि दुसरी घेतात. सगळं जग हेच करतं."

"नासली नाही, सर. नासलेलं रक्त मला ओळखता येतं."

"वॉर्डात सहा पेशंट थांबलेत. त्या खिडकीवालीला तर डॉक्टरांनी सांगूनसुद्धा टाकलंय, की तिचा निकाल सगळ्यांत चांगला आहे. तुम्ही समितीकडचा अर्ज मागे घेतलात तर वर्ष जाईल. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय, आणि त्यांच्याही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "तरी मागे घेतेय."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, खिडकीवाली कोण. ताई म्हणाली, खिडकीपाशी पलंग आहे म्हणून सिस्टरांनी ठेवलेलं नाव. शिवणकाम करणारी, पस्तिशीची, घरी दोन मुली. सहा पेशंटांच्या रक्तावर औषध घालून बघितलं होतं. पाचांत जेमतेम फरक पडला, आणि हिच्या नळीतल्या पेशी मात्र झाडून सगळ्या पिकलेल्या निघाल्या. त्या एका निकालावर अख्खा अर्ज उभा होता. आता ती रोज सिस्टरांना विचारते, समिती कधी बसणार.

मी म्हटलं, "चांगलंच आहे की मग." ताईनं काच खाली केली आणि वाटभर बाहेर तोंड करून बसली.

मशीनचा निकाल आला तेव्हा मी रस्त्यावर एका मुलीला गाडी मागे घ्यायला शिकवत होते. ताईचा फोन आला. "पाचही जण स्वच्छ. कोणीही आजारी नाही." मी गाडी बाजूला लावायला सांगितली आणि त्या परक्या मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. तिला वाटलं, तिचं गाडी शिकणं इतकं वाईट आहे.

संध्याकाळी मी मिठाईचा पुडा घेऊन प्रयोगशाळेत गेले. मला नाचावंसं वाटत होतं. दुर्बीण स्टुलावर बसली होती, समोर रक्त फिरवायचं मशीन उघडं होतं.

"चूक तुमचीच निघाली, अभिनंदन!" मी म्हणाले.

ती हसली नाही. तिनं मला मशीन दाखवलं. आत गोल चाक, त्याला भोकं. तोल राहावा म्हणून एका नळीसमोर बरोबर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी ठेवायची, निरोगीसमोर आजारी. नळ्या आत ठेवण्याआधी तिनं हातमोजे अल्कोहोलनं पुसले होते. ओल्या मोज्यांनी धरल्यामुळे समोरासमोरच्या दोन नळ्यांवरची शाई उडाली. चाक थांबल्यावर तिनं जागा आठवून नंबर परत लिहिले. चाक अर्धा फेरा पुढे थांबलं होतं. खिडकीवालीच्या पांढऱ्या पेशी आधीच्या औषधांनी इतक्या कमी झाल्या होत्या, की नुसत्या डोळ्यांना दोन्ही नळ्या सारख्याच दिसत होत्या.

"अगं, अदलाबदल एका नळीची होत नाही," ती म्हणाली. "दोन नळ्यांची होते."

मला अजून कळेना. मी पुडा सोडत होते.

"उरलेलं रक्त गोठवून ठेवलं होतं. नव्यानं घेतलेल्या रक्ताशी ताडून दोन्हींची ओळख पटवून घेतली. त्या ज्या पेशी औषधानं पिकल्या म्हणून आम्ही नाचलो, त्या आधीपासूनच पिकलेल्या होत्या. त्या निरोगी होत्या. तुझ्या होत्या."

"आणि तिच्या?"

"तिच्या निरोगी म्हणून बाजूला पडल्या होत्या. त्यांच्यावरही औषध घातलं होतं. एकही पिकली नाही."

पुडा माझ्या हातात तसाच राहिला. मला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली आनंद तसाच होता, तो जाईना. माझं माणूस वाचलं होतं. काम गेलं तर गेलं, असं मी तिला ऐकवलं होतं. काम म्हणजे कोण, ते तिला तेव्हाच ठाऊक होतं.

वर जाऊन सांगायचं काम वॉर्डच्या डॉक्टरांचं होतं. ताई म्हणाली, नळीवर अक्षर माझं आहे, मीच सांगणार. डॉक्टरांना तिनं कळवलं आणि जिन्याकडे निघाली. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी मागून गेले.

खिडकीवाली उशीला टेकून बसली होती. डोक्याला रुमाल, मांडीवर मुलीचा फ्रॉक, त्याची उसवलेली बाही हातानं शिवत होती. ताईला बघून तिचा चेहरा उजळला. "समिती बसली?"

ताईनं उभ्या उभ्याच सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, मोठे शब्द वापरले नाहीत. नळ्या बदलल्या, चूक माझी, औषध तुमच्या पेशींवर चाललेलं नाही. अर्ज मी मागे घेतलाय. शेवटी "मला माफ करा" म्हणाली.

खिडकीवालीनं सुई फ्रॉकमध्ये खोवली. मग म्हणाली, "ते चांगलं रक्त कोणाचं होतं?"

"माझं," मी म्हणाले.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, दुकानात कापड बघतात तसं. मला कुठे तोंड लपवावं कळेना. मी काही चोरलं नव्हतं, तरी चोरल्यासारखं वाटलं.

"आणि माझी नळी इतके दिवस कुठे होती?"

"निरोगी माणसांच्या खणात," ताई म्हणाली.

"मग तिथेच राहू द्यायची होतीत," ती म्हणाली, आणि तिनं फ्रॉक परत हातात घेतला.