भोजराजचं गुडघ्याचं दुखणं

आंबागडच्या भोजराजचा आवाज अख्ख्या तुमसर तालुक्याच्या ओळखीचा. हिवाळ्यात शंकरपट भरला, बैलजोड्या धावायला लागल्या, की माइकवर तोच. एरवी घरचं धान पिकवायचं आणि पटाच्या दिवसांत लोकांना हसवायचं, असा त्याचा आयुष्यक्रम. घाबरणं हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता.

बत्तिसाव्या वर्षी, मे महिन्यात, नाकाडोंगरीच्या चंदाशी त्याचं लग्न झालं. आठवडाभर आधीपासून मित्रांनी सल्ल्यांचा मारा केला होता. मोबाइलवर नको ते व्हिडिओ पाठवले होते. घरात पाहुणे माईनात, आणि नवरानवरीच्या खोलीला लागून, पातळ पत्र्याच्या भिंतीपलीकडे, त्याच्या दोन आत्या खोकत पडलेल्या. पहिल्या रात्री काही जमलं नाही. जमलं असतं तरच नवल होतं. पण भोजराजने ते जिवाला लावून घेतलं.

पुढच्या वेळी चंदा जवळ आली आणि त्याच्या डोक्यातला माइक आपोआप सुरू झाला. ‘आता काय होते बा? होते का? नाही होत वाटते!’ स्वतःवरच नजर ठेवून बसलेल्या माणसाचं काय होणार? तिसऱ्या वेळेनंतर तर चंदाच्या बांगड्या वाजल्या तरी तो दचकायचा.

मग त्याने शेतातल्या मचाणीवर झोपायला सुरुवात केली. रानडुकरं येतात म्हणे. उन्हाळी धान कापून घरी आलं होतं.

“बांधीत नुसते धसकटं उरले हायेत,” चंदा म्हणाली. “डुक्कर काय खाईन जी?”

“सवय लागते त्याइले,” भोजराज म्हणाला आणि कांबळं घेऊन सटकला.

सासू रत्नाबाई मात्र सुनेच्या पोटाकडे बघून रोज आंबट काही हवं का विचारायची. चंदाला वाटायला लागलं, आपण आवडलो नाही की काय.

तुमसरच्या बाजारात एका जडीबुटीवाल्याचा तंबू लागायचा. बाहेर फाटका पडदा, वर ‘मर्दाना कमजोरी’ अशी मोठी अक्षरं. तोंडाला दुपट्टा गुंडाळून भोजराज आत शिरला, तर बाकावर तसाच दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस आधीच बसलेला. दोघांनी एकमेकांचे डोळे ओळखले. तो चंदाचा थोरला भाऊ निकेश होता.

“जवाई, तुम्ही?”

“घुटना दुखते,” भोजराज म्हणाला. “तुमचं काय?”

“माहाबी घुटनाच.”

दोघंही पाटीकडे न बघता चूर्णाची पुडी घेऊन निघाले. त्या चूर्णाने एकच गोष्ट जोरात चालली, ती म्हणजे पोट. दोन दिवस भोजराज लोटा घेऊन धावत होता.

निकेशने फोनवर सहज बहिणीला विचारलं, “जवायाचा घुटना कसा हाये?” रोज मचाणीवर चढणाऱ्या नवऱ्याचा गुडघा दुखतो हे चंदाला पटेना. दुपारी तिने दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

“खरं सांगा. दुसरी कोनी हाये का?”

“एकीलेच भेऊन राहिलो मी,” भोजराजच्या तोंडून निघालं. मग त्याने सगळं सांगितलं, आत्यांच्या खोकल्यापासून चूर्णापर्यंत. चंदाने आधी डोळे पुसले, मग हसायला लागली, मग पुन्हा डोळे पुसले.

“आन मी समजून राहिली होती का माहं तोंडच तुमाले नाही आवडत!”

दुसऱ्या दिवशी तिने त्याला एसटीत बसवून भंडाऱ्याला नेलं. दवाखान्यात डॉक्टर बाई आहेत हे बघून भोजराज दाराकडे वळला, पण चंदाने त्याला खुर्चीवर बसवलं.

“काय त्रास आहे?”

“घुटना...”

“घुटना नाही, मॅडम,” चंदा म्हणाली.

बाईंनी न हसता विचारपूस केली. शुगर, बीपी तपासून घेतलं. कधी कधी असल्या तक्रारीमागे तेही असतं म्हणाल्या. सगळं ठीक निघालं.

“पहाटे जाग येते तेव्हा कसं असतं?”

भोजराज कानापर्यंत लाल झाला. “तवा... बराबर असते.”

“मग शरीर ठणठणीत आहे. भीती मोडता घालते. अंगावर रानडुक्कर धावून आलं तर कोणाला संसार सुचेल? तुमचं डुक्कर डोक्यात आहे, आणि शरीराला फरक कळत नाही.” मग त्यांनी पथ्य सांगितलं: चूर्ण फेका, व्हिडिओ पुसा, मचाण सोडा. “गप्पा मारा, हातपाय चेपून द्या. पण महिनाभर त्याच्या पुढे जायचं नाही. सक्त मनाई.”

मनाई ऐकून भोजराजला इतकं हलकं वाटलं की परतीच्या एसटीत तो चंदाच्या खांद्यावर डोकं टेकून घोरत आला. ज्याची परीक्षाच रद्द झाली, त्याला नापास कोण करणार? दोघं रोज गप्पा मारू लागले. दोन महिन्यांची नवराबायको, पण एकमेकांना कोणती भाजी आवडत नाही हे त्यांना आत्ता कळत होतं.

मग धानाचे रोवणे आले. दिवसभर वाकून रोपं लावताना चंदाची कंबर धरली. एका दुपारी रत्नाबाई पंगतीला गेली होती, आणि भोजराज चंदाच्या पाठीला तेल चोळत होता. कशावरून तरी दोघांना हसू फुटलं, ते थांबेना.

“डॉक्टरनं मनाई केली ना जी?” थोड्या वेळाने चंदा म्हणाली.

“मॅडम भंडाऱ्यात हाये,” भोजराज म्हणाला.

पुढच्या तारखेला तो डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसला. “मॅडम, पथ्य नाही पाळलं.” या वेळी मात्र बाईंना हसू आवरलं नाही. येताना त्याने निकेशला फोन करून, काहीही न विचारता, दवाखान्याचा पत्ता सांगितला.

त्यानंतर सगळं कायमचं सुरळीत झालं, असं काही नाही. कधी जमतं, कधी नाही. नाही जमलं की भोजराज काहीतरी समजावून सांगायला लागतो, आणि चंदा कूस बदलत म्हणते, “सरका तिकडं, मले झोपू द्या.” मग तोही झोपतो.