शेऱ्याचा रकाना

"किती?" तिने पेनाचं टोपण काढत विचारलं.

"दोन."

"रक्त?"

"नाही."

"कळ?"

"किंचित. काहीच नाही लिहिलंस तर त्यांना खोटं वाटायचं."

चहाचा कप बाजूला सारून तिने कालच्या तारखेसमोर लिहिलं: दोन, नाही, किंचित. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो गेले बारा आठवडे कोराच होता. वही दवाखान्याची होती, अक्षर तिचं; नवऱ्याचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नसे.

कपडे दुरुस्तीच्या दुकानात तिला सगळे इंचबाई म्हणत. गिऱ्हाईक पोट कितीही आत ओढून उभं राहो, तिची टेप खरं तेच सांगायची. आत घेणं, सैल करणं, चेन बदलणं यात तिची बावीस वर्षं गेली होती. नवरा उंच क्रेन चालवायचा. साठ मीटर वर, कपाटाएवढ्या केबिनमध्ये. शिडीने चढायला वीस मिनिटं, उतरायला पंधरा. केबिनमध्ये खुर्ची होती, दांडे होते, वायरलेस होता, फक्त संडास नव्हता. आणि तीन वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या आतड्याला आतून व्रण पडायला लागले. दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा जावं लागे, रक्तासकट, आणि घाई लागली की मिनिटभर दम धरवत नसे.

गोळ्या झाल्या. मग तोंड भोपळ्यासारखं सुजवणाऱ्या गोळ्या झाल्या. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अभ्यासात नाव घालायला सुचवलं. नवं इंजेक्शन, दर दोन आठवड्यांनी. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे पेशंटला ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. बारा आठवडे झाले की नळी घालून आत बघायचं. सिस्टरने चौदा पानं वाचून दाखवून सही घेतली. त्या चौदा पानांतले दोनच शब्द नवऱ्याच्या कानात शिरले: ऑपरेशन आणि पिशवी. काहीच लागू पडलं नाही तर आतडं काढून पोटावर पिशवी लावावी लागते, असं कुठल्याशा पानावर होतं. "पोटाला पिशवी लटकवून मी शिडी चढू?" घरी येईपर्यंत तो एवढंच घोकत होता. तिलाही त्यापुढचं काही आठवत नव्हतं.

पण इंजेक्शन लागू पडलं. आठाचे पाच झाले, पाचाचे तीन, आणि गेला महिनाभर दोन. मधल्या काळात तिने त्याच्या पँटी दोनदा कमरेत आत घेतल्या, एकदा खिशांची फाटकी अस्तरं बदलली. रात्री तो चार घास खाऊन उठायचा. रात्री पोटाला आराम हवा, सिस्टरनेच सांगितलंय, म्हणायचा. डबा मात्र रोज चाटूनपुसून रिकामा येई. डबा रिकामा येतोय तोवर कुठली बायको काळजी करते?

त्याच दुपारी दुकानात सिग्नलमन आला. क्रेनखाली उभा राहून वायरलेसवर नवऱ्याला वर-खाली, डावं-उजवं सांगणारा तो हाच.

"वहिनी, ही पँट सैल करून द्या. बटण लागेना."

तिने त्याच्या कमरेला टेप लावली. "दोन इंच वाढलात की, भाऊजी!"

"तुमचीच कृपा. मऊ भात काय, बटाटे काय! बायको संशय घेतेय, रोज कुठे जेवून येता म्हणून."

टेप तिच्या हातात तशीच राहिली. "माझा डबा?"

सिग्नलमन चपापला. "दादाच म्हणाले, वर बसून जड होतं. तुम्ही मुद्दाम जास्त भरता म्हणाले."

"किती दिवस?"

"असेल दीड महिना." त्याने आजूबाजूला बघून आवाज उतरवला. "वहिनी, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. परवा काँक्रीटची बादली सहा मिनिटं अधांतरी होती. खाली पाच माणसं. मी घसा फोडून ओरडतोय आणि वरून हूं नाही की चूं नाही. मागाहून म्हणाले, वायरलेसची बॅटरी गेली होती. बॅटरी मी सकाळीच बदलली होती हो."

तो गेल्यावर ती त्याची पँट मांडीवर घेऊन बसून राहिली. नवऱ्याच्या कमरेतून गेलेले दोन इंच या पँटीत येऊन बसले होते. इतकी वर्षं लोकांची मापं घेतली आणि घरातलं माप हातून निसटलं.

संध्याकाळी तो आल्या आल्या तिने रिकामा डबा त्याच्यासमोर आपटला.

"सिग्नलमनची पँट आलीय सैल करायला."

तो खुर्चीत बसला आणि बूट काढायला लागला. "त्याचं तोंडच सैल."

"खोटं लिहून घेतलंत माझ्याकडून!"

"खोटं काय त्यात? दोनदा गेलो, दोन सांगितलं. किती वेळा गेलात विचारतात, जेवलात का कुठे विचारतात? खाल्लं नाही की जावं लागत नाही."

"आणि रक्त?"

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी उगाचच सोडून पुन्हा बांधली. "पडतं थोडं."

"परवाची बादली?"

"डोळ्यांपुढे अंधारी आली. दांडा घट्ट धरून बसलो. काही झालं नाही ना?"

"सहा मिनिटं झालं नाही!"

"अगं, परवा नळी घालून बघणार आहेत. त्याआधी वहीत आठ-नऊ दिसले की काढतील अभ्यासातून, आणि मग पिशवी. तोवर ही गोष्ट पोटात ठेव. एवढं कर माझ्यासाठी."

"तुमच्या पोटात काही राहत नाही आणि मी पोटात ठेवू?"

तो हसला. मग हसू मध्येच तोडून, पोट धरून, आत पळाला. ती दाराबाहेर उभी राहिली. एकदा पाणी सोडल्याचा आवाज आला, दहा मिनिटांनी पुन्हा. तो बाहेर आला तेव्हा चेहरा धुतल्या कपड्यासारखा पांढरा होता.

दुसऱ्या दिवशीही तो चढला. ती दुकानात मशीनवर बसली, पण दर तासाला उठून दारात जायची. तिथून घरांच्या वर क्रेनचा पिवळा हात दिसे. तो फिरत असला की ती परत जागेवर यायची. थांबलेला असला की फिरेपर्यंत तिथेच उभी राहायची. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. खाली पाच माणसं. पाच घरी पाच डबे.

दवाखान्यात सिस्टरने त्याला बूट काढून काट्यावर उभं केलं. "एकसष्ट. छान, वजन टिकून आहे." मग वही चाळली. "आणि हे तर फारच छान. दोन, दोन, दोन. सगळे असेच असते तर! ताई, शेऱ्यात काही?"

हा प्रश्न सिस्टर दर वेळी विचारायची, आणि दर वेळी ती मान हलवायची. काट्यावरून नवरा तिच्याकडे बघत होता. डोळे वटारून नव्हे. गिऱ्हाईक पोट आत ओढून बघतं तसा.

"आहे," ती म्हणाली. "द्या वही."

अक्षर स्वच्छ आलं. सिस्टरने ते मोठ्याने वाचलं.

"डबा सिग्नलमन खातो. रक्त पडतं. क्रेनवर अंधारी आली. खिशात काहीतरी जड आहे, अस्तर फाटतं." सिस्टरने वर बघितलं. "काका, खिसे रिकामे करा."

टेबलावर एक पान्हा आला, चार मोठे बोल्ट, साखळीचा एक जाड तुकडा, किल्ल्या. काटा अठ्ठावन्नवर येऊन थांबला.

"चुगलखोर," तो हळूच म्हणाला.

पुढचे दोन तास ती बाकावर बसून होती. डॉक्टर बाहेर आले ते हातमोजे काढत. "आत सगळं लाल आहे. जागोजागी व्रण आहेत, रक्त येतंय. उपाशी राहून संडास कमी होते, व्रण बरे होत नाहीत. अजून दोन आठवडे असेच गेले असते तर काय झालं असतं ते मी सांगत नाही."

"मग आता पिशवी?" कपडे सावरत आलेल्या नवऱ्याने विचारलं.

"पिशवी? अहो, ज्यांना बाराव्या आठवड्यापर्यंत गुण येत नाही, त्यांना त्यापुढे खरं औषधच देतात. मिठाच्या पाण्याचा प्रश्नच नाही. पान नऊ." डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. "वाचलं होतंत ना?"

"वाचलं होतं," सिस्टर म्हणाली. "खरं लिहिलं असतंत तर हे महिन्यापूर्वीच लक्षात आलं असतं. आणि या वह्यांवरूनच ठरतं, हे औषध उद्या दुसऱ्या कुणाला द्यायचं की नाही. तुमच्या दोन-दोनवर विश्वास ठेवून कुणी तरी बसलं असतं."

औषध लागू पडेल का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. आठ आठवड्यांनी कळेल म्हणाले. तोवर क्रेन बंद, खालचं काम. तशी चिठ्ठी त्यांनी लिहून दिली. घरी येईपर्यंत बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. उतरताना मात्र बोल्टांची पिशवी त्याने तिच्या हातात दिली. धरायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भात वाढला आणि समोर बसून राहिली. त्याने तो सगळा खाल्ला, एकेक घास, फाशी जाणाऱ्यासारखा. तिने वही उघडली.

"किती?"

त्याने ताट बाजूला सारलं. "काल जेवल्यापासून? सात."

"रक्त?"

"आहे."

"कळ?"

"आहे म्हणजे काय! आत्तासुद्धा—" तो उठला आणि पळाला. आतून दार लावल्याचा आवाज आला, आणि मग त्याचा आवाज. "ए! आजचा पहिला! लिही उद्यासाठी! आणि शेऱ्यात लिही, बायको चुगलखोर आहे!"

जे होईल ते सगळं लिहायचं, असं सिस्टरने बजावलं होतं. इंचबाईने शेऱ्याच्या रकान्यात तेही लिहिलं.