कोथिंबिरीवरून भांडण आणि एक फोटो

गुरुवार होता. माझ्या हॉटेलसमोर काळ्या काचांची गाडी थांबली, तिच्यातून एक तरुण उतरला आणि मी हातातला झारा तसाच घेऊन बाहेर धावले. घरोघरी टीव्हीवर दिसतो तो चेहरा! अंगात पांढरा सदरा, पायात साधी चप्पल, सोबत आई. शिर्डीला दर्शनाला निघाले होते.

माझी छाती धडधडायला लागली, ती काही त्याच्या देखणेपणामुळे नव्हे. मला फोटो हवा होता. पूर्वी श्रीगोंद्याकडच्या एका हॉटेलात मी भाकरी थापायचे. तिथे एक मोठा नट जेवून खूश झाला आणि चुलीपाशी येऊन माझ्याशेजारी फोटोसाठी उकिडवा बसला. मालकाने तो फोटो गल्ल्यामागे लावला. त्यात नट होता, मध्ये डोकं घुसवलेला मालक होता आणि माझा भाकरीवरचा हात तेवढा होता. बाकीची मी कापून टाकलेली! कडाकडा भांडले, काम सोडलं आणि पुणतांबा फाट्याजवळ स्वतःचं हॉटेल उभं केलं. राग अजून आहे. असा फोटो दिसला की रस्त्यावरचं गिऱ्हाईक विश्वासाने टेकतं. माझी भिंत कोरी होती.

गाडीतून उतरलेला त्याचा मॅनेजर पुढे आला. "ताई, फॅमिली रूम रिकामी करा. आणि फोटो कुणी काढायचा नाही. साहेबांचा हॉटेलसोबत फोटो म्हणजे जाहिरात. तशी फुकट करायची नाही, असा त्यांचा आमच्याशी करार आहे."

"खोली देते. फोटोचं नंतर बघू."

"नंतरही नाही."

"अहो, आधी खाऊन तर घ्या!"

मायलेकांचा उपास होता. मी साबुदाण्याची खिचडी पाठवली आणि लगेच आतून हाक आली. आई ताटलीकडे बोट दाखवत होत्या.

"बाई, उपासाच्या खिचडीत कोथिंबीर?"

"आमच्याकडे चालते की."

"आमच्याकडे नाही चालत."

माझा पारा चढला. "जिरं चालतं, मिरची चालते, मग कोथिंबिरीनंच काय घोडं मारलंय?"

मॅनेजरने डोळे वटारले. नट मात्र हसत सुटला. "आई, तुझ्या तोडीची भेटली!"

"तू गप रे," म्हणत त्या उठल्या. "चला, माझ्यासमोर करा."

आणि खरंच माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी कढई घासून पुन्हा चढवली. त्या म्हणाल्या कूट वाढवा, मी म्हणाले गोळा होईल. त्यावरूनही वाजलं. पण खिचडी उतरताच त्यांनी तिथेच बसून ताटली चाटूनपुसून संपवली. हीच वेळ, मी ओळखलं.

"आई, एक मागते. मला साहेबांसोबत फोटो नको. तुमच्यासोबत काढायचाय."

मॅनेजर दारातूनच ओरडला, "अहो ताई, पण..."

"आईंचा करार हाय का तुमच्याकडं?"

आई हसल्या. "माझ्यासोबत कशाला? मला कोण ओळखतंय?"

तेव्हा मी त्यांना त्या कापलेल्या फोटोबद्दल सांगितलं. सांगताना आवाज चढला, थोडा फाटलाही. त्या उठल्या. मग पदर सावरत बाहेर आल्या आणि त्यांनी लेकाला हाक मारली.

"ए, इकडे ये. हिच्या शेजारी उभा राहा."

"आई, करार..."

"करार तू केलास. मी नाही."

तो आलाच! मी मधे, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला तो. माझ्या केसांत साबुदाण्याचा दाणा अडकलेला होता, तो त्यानेच काढला. फोटो काढायचं काम मॅनेजरच्या गळ्यात पडलं. हॉटेलची पाटी उंच होती, म्हणून बिचारा मोबाईल घेऊन रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला.

"पाटी सगळी येतेय ना?" आईंनी दरडावून विचारलं.

"येतेय," तो पुटपुटला आणि उठायला लागला.

"थांबा," मी म्हणाले, "आता एक आडवा काढा."